'सामना': एका प्रश्नाचा चित्रपट आणि तो घडवणारी माणसे

'सामना' हा १९७४ चा मराठी कृष्णधवल चित्रपट. निर्माते रामदास फुटाणे, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर आणि संगीतकार भास्कर चंदावरकर. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी त्यात एकमेकांसमोर उभी ठाकणारी दोन माणसे रंगवली. ग्रामीण महाराष्ट्रातील सत्ता, सहकार आणि साखर यांचे नाते पडद्यावर मांडणारा हा चित्रपट जून १९७५ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या स्पर्धेत पोहोचला. तो बनवणाऱ्यांपैकी बहुतेक जण चित्रपट व्यवसायाच्या बाहेरचे होते. निर्माता चित्रकलेचा शिक्षक होता, दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ होता, एक नायक कान-नाक-घशाचा शल्यविशारद होता आणि दुसऱ्याने तरुणपणी सरकारी बागेत माळीकाम केले होते. व्यवसायाला न सुचलेला प्रश्न या मंडळींना सुचला, आणि तो विचारण्याची हिंमतही त्यांनी दाखवली. 'सामना'चे मोठेपण त्यातच आहे.

परका माणूस आणि गावाचा धनी

एक अनोळखी माणूस गावात येतो. गाव एका बलदंड माणसाच्या मुठीत असते. गावाने एक गुन्हा पोटात दडवलेला असतो आणि आलेला माणूस त्याबद्दल विचारू लागतो. अमेरिकन वेस्टर्न चित्रपटांनी ही मांडणी जगभर पोहोचवली. तिचे सर्वांत नेटके रूप जॉन स्टर्जेस दिग्दर्शित 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक' (१९५५) या चित्रपटात दिसते. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले आहे. वाळवंटातल्या ब्लॅक रॉक नावाच्या वस्तीत कित्येक वर्षे न थांबलेली आगगाडी थांबते आणि एक हात गमावलेला मॅक्रीडी खाली उतरतो. तो कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो. कोमोकोचा मुलगा इटलीच्या आघाडीवर मॅक्रीडीचा जीव वाचवताना मारला गेलेला असतो, आणि त्याचे शौर्यपदक बापाच्या हाती द्यायचे असते. कोमोको मात्र नाहीसा झालेला आहे, आणि साऱ्या वस्तीने त्याविषयी तोंड शिवून घेतले आहे.

या चित्रपटाचे लेखन मिलर्ड कॉफमन यांनी हॉवर्ड ब्रेस्लिन यांच्या कथेवरून केले होते. छायाचित्रण विल्यम मेलर यांचे आणि संगीत आंद्रे प्रेविन यांचे होते. मॅक्रीडीच्या भूमिकेत स्पेन्सर ट्रेसी आणि वस्तीच्या धन्याच्या भूमिकेत रॉबर्ट रायन होते. अर्नेस्ट बोर्गनाइन, ली मार्विन आणि वॉल्टर ब्रेनन यांच्या दुय्यम भूमिका होत्या. १९५५ च्या कान महोत्सवात ट्रेसी यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला. जपान्यांबद्दलच्या द्वेषातून आपल्याच देशात झालेल्या अन्यायाकडे या चित्रपटाने अमेरिकन प्रेक्षकाला पाहायला लावले.

'सामना'ची मांडणी याच जातीची आहे. इथेही परका माणूस येतो, इथेही एक माणूस नाहीसा झालेला आहे, आणि त्याचे नाव उच्चारताच गाव गप्प होते. फरक आहे तो माणसांच्या घडणीत. मॅक्रीडी एका हातानेही मारामारी जिंकतो. 'सामना'त गावात येणारा परका, म्हणजे मास्तर, दारूत बुडालेला, थकलेला माणूस आहे. त्याच्याजवळ बंदूक नाही, पद नाही, पैसा नाही. प्रश्न विचारत राहणे एवढेच त्याला जमते. गावचा धनीही केवळ गुंड नाही. तो संस्था उभ्या करणारा, कामे करून दाखवणारा, लोकांना रोजगार देणारा पुढारी आहे. त्यामुळे हा सामना चांगला विरुद्ध वाईट इतका सोपा राहत नाही.

१९७० च्या दशकातला महाराष्ट्र

'सामना' समजून घ्यायचा तर त्याच्या आधीची पंचवीस वर्षे पाहावी लागतात. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना चालवावा, ही कल्पना त्या काळात क्रांतिकारक होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. कारखाना, जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ, पंचायत समिती आणि शिक्षणसंस्था अशी सत्तेची नवी ठाणी तालुक्यातालुक्यात तयार झाली.

या ठाण्यांमुळे ग्रामीण भागात रस्ते, शाळा, दवाखाने आणि पतपुरवठा आला. त्याचबरोबर अनेक संस्थांची सूत्रे एकाच हाती एकवटण्याची सोयही झाली. उसाचा दर, कारखान्यातली नोकरी, बँकेचे कर्ज आणि शाळेतला प्रवेश या साऱ्यांसाठी ज्याच्या दारात उभे राहायचे, त्याच्याविरुद्ध साक्ष कोण देणार? 'सामना'चे कथानक या अडचणीभोवती उभे आहे.

मराठवाड्याची वाट थोडी निराळी होती. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते मराठी भाषिक मुलखात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. प्रवरेकाठी सहकाराचे जाळे विणले जात होते, तेव्हा इथले शेतकरी वतनदारी आणि सावकारीच्या जुन्या जाचातून नुकतेच बाहेर पडत होते. लातूर-निलंगा भागात साखर कारखाने आले ते नंतर. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांनी मराठवाडा विकास आंदोलन पुकारले, वसमतला गोळीबार झाला आणि प्रादेशिक अनुशेषाचा प्रश्न राज्याच्या राजकारणाच्या ऐरणीवर आला. फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव नाईक यांच्या जागी नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले.

याच सुमारास दलित चळवळीने नवे वळण घेतले होते. खेड्यापाड्यांत दलितांवर होणाऱ्या अत्याचारांना उत्तर देण्यासाठी १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर स्थापन केली. 'सामना'त नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले हा प्रश्न तेव्हाच्या प्रेक्षकाला काल्पनिक वाटण्याचे कारण नव्हते. वर्तमानपत्रे उघडली की तसे प्रश्न समोर येत होते.

निर्माता: रामदास फुटाणे

रामदास फुटाणे मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडचे. हा तालुका बीड जिल्ह्याला, म्हणजे मराठवाड्याला खेटून आहे. ते पेशाने चित्रकलेचे शिक्षक आणि वृत्तीने कवी होते. राजकारणावर वात्रटिका लिहिणारा कवी म्हणून पुढे त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले, विधान परिषदेवरही त्यांची नियुक्ती झाली. 'सामना'च्या वेळी मात्र त्यांच्यापाशी ना घराण्याचा पैसा होता, ना चित्रपट व्यवसायाचा अनुभव.

तेव्हाच्या मराठी चित्रपटात तमाशापटांची चलती होती. फडावरची नर्तकी, रंगेल पाटील आणि लावण्या हे हमखास चालणारे मिश्रण होते. नव्या निर्मात्याने त्यातच पैसा घालावा, असे कोणत्याही वितरकाने सांगितले असते. फुटाण्यांनी सहकारसम्राटावरची पटकथा निवडली, चित्रपट कधीही न केलेल्या दिग्दर्शकाच्या हाती ती सोपवली आणि नाटकाच्या जगातली माणसे गोळा केली. ग्रामीण राजकारणाची त्यांना चांगली जाण होती आणि खेड्यातला पुढारी त्यांनी जवळून पाहिला होता. विषयाची ही ओळख चित्रपटाच्या तपशिलात उतरली.

दिग्दर्शक: जब्बार पटेल

जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ मध्ये पंढरपूरचा, शालेय शिक्षण सोलापूरचे. सोलापुरात प्राध्यापक श्रीराम पुजारी यांच्या सहवासात त्यांना साहित्य आणि संगीताची गोडी लागली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना ते भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे 'पीडीए'त काम करू लागले. १९७० मध्ये त्यांनी तेंडुलकरांचे 'अशी पाखरे येती' हे नाटक बसवले. डॉक्टर झाल्यावर त्यांनी दौंडला दवाखाना थाटला. दौंड हे रेल्वे जंक्शन आणि साखरपट्ट्यातले गाव. दिवसा रुग्ण आणि संध्याकाळी पुण्यात तालीम असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता.

१६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचे लेखन, पटेलांचे दिग्दर्शन, चंदावरकरांचे संगीत आणि नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे असा तो योग होता. नाटकावर वादळ उठले आणि पीडीएने प्रयोग थांबवले. तेव्हा कलावंत संस्थेतून बाहेर पडले आणि १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. 'सामना'च्या मागे हाच गट होता. सत्ता माणसाला कशी वापरते आणि वापरून झाल्यावर कशी फेकते, हे 'घाशीराम'ने पेशवाईच्या निमित्ताने दाखवले होते. 'सामना'त त्याच प्रश्नाला वर्तमानातले गाव मिळाले.

पटेलांनी रंगभूमीवरून आणलेली मोठी शिदोरी म्हणजे समूहाची जाण. 'घाशीराम'मध्ये माणसांची रांग भिंतीसारखी उभी राहते, उघडते, मिटते. 'सामना'त गावकऱ्यांचे मौन तशीच भिंत बनते. मास्तर एकेकाला विचारत जातो आणि प्रत्येक जण नजर टाळतो. नाटकातून आलेल्या दिग्दर्शकाकडून संवादांचा मारा अपेक्षित असतो. पटेलांनी मात्र चेहरे आणि थबकलेल्या हालचाली यांतून भीती दाखवली.

लेखक: विजय तेंडुलकर

१९२८ साली जन्मलेले तेंडुलकर 'सामना' लिहिताना मराठीतले सर्वाधिक चर्चेत असलेले नाटककार होते. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' ही नाटके आलेली होती. त्याच सुमारास नेहरू फेलोशिप घेऊन ते समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास करत होते. माणसे हिंसक का होतात, हिंसा पाहणारे गप्प का राहतात, आणि सभ्य दिसणाऱ्या व्यवस्थेच्या आत ती कशी मुरते, हे त्यांच्या लेखनाचे केंद्र बनले.

त्याच काळात त्यांनी श्याम बेनेगल यांच्या 'निशांत' (१९७५) या हिंदी चित्रपटाचीही पटकथा लिहिली. 'निशांत'ची पार्श्वभूमी निजामी राजवटीतल्या तेलंगणातली, १९४५ ची आहे. तिथे जमीनदार उघड जबरदस्ती करतो आणि एका शिक्षकाची बायको पळवली जाते. 'सामना'तला धनी स्वातंत्र्यानंतरचा आहे. तो लोकशाहीच्या आणि सहकाराच्या भाषेत बोलतो. दोन्ही पटकथांमध्ये शिक्षक आहे, दोन्हींमध्ये गावाचे मौन आहे. वतनदारी गेली, मतपेटी आली, तरी सामान्य माणसाची भीती कुठे गेली, असा प्रश्न या दोन पटकथा शेजारी ठेवल्यावर उभा राहतो.

तेंडुलकरांच्या पटकथेत हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखाना आणि त्याभोवतीच्या संस्थांचा कर्ता आहे. परगावाहून आलेल्या एका दारुड्या वृद्धाला तो आपल्या घरी आणतो. हा वृद्ध एकेकाळी ध्येयवादी, गांधीमार्गी शिक्षक होता. हिंदुराव त्याला आपले साम्राज्य हौसेने दाखवतो. त्याला श्रोता हवा असतो आणि मास्तरला आसरा. दोघांत एक विचित्र जवळीक निर्माण होते. मग मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. हा लष्करातून परतलेला, अन्यायाविरुद्ध बोलणारा माणूस होता आणि तो आता नाही. त्याचे काय झाले, असे मास्तर विचारू लागतो. आधी हिंदुराव हसून टाळतो, मग चिडतो, मग धास्तावतो. प्रश्न गावातून बाहेर पडतो आणि शेवटी कायदा हिंदुरावाच्या वाड्यापर्यंत पोहोचतो.

मारुती कांबळे चित्रपटात मुख्यतः आठवणींतून आणि इतरांच्या बोलण्यातून दिसतो. तरी सारे कथानक त्याच्याभोवती फिरते. 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक'मधला कोमोको तर एकदाही पडद्यावर येत नाही. दोन्ही चित्रपटांत मेलेल्या माणसाला न्याय मिळतो तो कोणीतरी त्याचे नाव विसरायला नकार दिला म्हणून.

हिंदुराव: निळू फुले

निळू फुले पुण्याचे. घरची परिस्थिती बेताची होती. तरुणपणी ते सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते अभिनयाकडे वळले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले आणि अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटाने त्यांना पडद्यावर आणले. १९७२ मध्ये कमलाकर सारंग दिग्दर्शित 'सखाराम बाइंडर'मध्ये त्यांनी सखाराम उभा केला. म्हणजे तेंडुलकरांची भाषा त्यांच्या जिभेवर 'सामना'च्या आधीच रुळलेली होती.

हिंदुरावाची भूमिका सरधोपट खलनायकाची झाली असती. फुल्यांनी त्याला आत्मविश्वास, विनोदबुद्धी आणि कर्तबगारीचा अभिमान दिला. हा माणूस स्वतःला वाईट समजत नाही. आपण गावासाठी एवढे केले, मग एका माणसाचे एवढे काय, असा त्याचा हिशेब आहे. हा हिशेब फुल्यांनी इतक्या सहजपणे मांडला की प्रेक्षक काही क्षण त्याच्या बाजूने विचार करू लागतो, आणि मग दचकतो. आवाज चढवण्यापेक्षा तो खाली आणण्यात त्यांची दहशत होती. पुढे मराठी पडद्यावर धोतर-टोपीतले असंख्य पुढारी आले आणि त्यांतल्या अनेकांवर हिंदुरावाची छाया राहिली.

प्रत्यक्षात निळू फुले समाजवादी विचारांचे आणि चळवळींना वाहून घेतलेले कार्यकर्ते होते. सेवा दलाच्या कामातून त्यांनी खेड्यातली पुढारीपणाची रीत जवळून पाहिली होती. ज्या सत्तेविरुद्ध ते आयुष्यभर बोलले, तिचेच चित्र त्यांनी पडद्यावर सर्वाधिक खरेपणाने रंगवले.

मास्तर: श्रीराम लागू

श्रीराम लागू यांचा जन्म १९२७ मध्ये साताऱ्याचा. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले. पुण्यात पीडीएत काम करताना आणि पुढे पूर्व आफ्रिकेत टांझानियाला वैद्यकीय व्यवसाय करतानाही नाटकाची ओढ सुटली नाही. १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी स्वीकारली. डिसेंबर १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगमंचावर आले आणि अप्पा बेलवलकरांच्या भूमिकेने लागूंचे नाव घराघरात पोहोचले.

व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' (१९७२) मध्ये त्यांनी तमाशातल्या नर्तकीपायी घसरणारा आदर्शवादी शिक्षक रंगवला होता. निळू फुलेही त्या चित्रपटात होते. 'सामना'चा मास्तर त्या शिक्षकाच्या उलट दिशेने जातो. 'पिंजरा'त गुरुजी वरून खाली येतात. 'सामना'त आधीच कोसळलेला माणूस एका प्रश्नाच्या आधाराने पुन्हा उभा राहू लागतो. स्वातंत्र्यचळवळीतली मूल्ये स्वराज्यात कशी अडगळीत पडली, याची खंत मास्तरच्या व्यसनामागे आहे. लागूंनी हा माणूस दयेचा विषय होऊ दिला नाही. नशेतला तोल, मध्येच लखलखणारी बुद्धी आणि भित्रेपणातून उगवणारा हट्ट हे सारे त्यांनी बारकाईने दाखवले.

फुले आणि लागू यांच्या अभिनयाच्या वाटा वेगळ्या होत्या. फुल्यांची बोली लोकनाट्यातून, रस्त्यावरच्या माणसांतून आली होती. लागूंची पद्धत वाचन, चिंतन आणि भूमिकेच्या विश्लेषणातून आली होती. पटेलांनी या दोन वाटा समोरासमोर आणल्या. चित्रपटाची रंगत दोघांच्या प्रवेशांत सर्वाधिक चढते, कारण तिथे दोन माणसांबरोबर दोन महाराष्ट्र समोरासमोर बसलेले असतात.

मोहन आगाशे आणि स्मिता पाटील

मारुती कांबळेच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. तेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ. दिग्दर्शक, मास्तर आणि मारुती कांबळे हे तिघेही एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉक्टर होते, हा योग मराठी चित्रपटाच्या इतिहासात दुर्मीळच. 'घाशीराम'मध्ये सत्तेचा मालक झालेल्या आगाशांनी इथे सत्तेचा बळी रंगवला.

स्मिता पाटील यांची भूमिका लहान होती. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेल्या स्मिता त्या काळात दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर मराठी बातम्या देत होत्या आणि त्यांच्या चित्रपटांची नुकतीच सुरुवात होत होती. पटेलांबरोबर पुढे त्यांनी 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२) केले. 'भूमिका' आणि 'चक्र' या हिंदी चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. डिसेंबर १९८६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कॅमेरा, संकलन आणि संगीत

नवख्या दिग्दर्शकाच्या पाठीशी तंत्रज्ञांची अनुभवी फळी होती. छायाचित्रण सूर्यकांत लवंदे यांचे आणि संकलन एन. एस. वैद्य यांचे होते. रंगीत चित्रपटांची चलती सुरू झालेली असताना 'सामना' कृष्णधवल राहिला. त्यातून विषयाला साजेसा रखरखीतपणा आला. धूळ, उन्हाची तिरीप, वाड्यातला अंधार आणि पांढरीशुभ्र टोपी यांना आपापला अर्थ मिळाला.

भास्कर चंदावरकर हे पंडित रविशंकर यांचे शिष्य, सतारवादक आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले संगीताचे अध्यापक. संगीताने प्रसंगाची शोभा वाढवण्यापेक्षा त्याचा अर्थ उघड करावा, असा त्यांचा दृष्टिकोन 'घाशीराम'मध्येच दिसला होता. 'सामना'साठी त्यांनी दोन अगदी वेगळ्या प्रकृतीच्या कवींना एकत्र आणले. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, हे कोकणातले गूढ, अंतर्मुख कवी. त्यांचे 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' हे गीत रवींद्र साठे यांच्या धीरगंभीर आवाजात चित्रपटाचा आत्मा झाले. कुणाच्या कर्माचा भार कुणी वाहायचा, हा मास्तर आणि गाव या दोघांपुढचा प्रश्न त्यात आहे. दुसरे कवी कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर. लावणीपासून भक्तिगीतापर्यंत सारे प्रकार त्यांनी हाताळले होते आणि 'पिंजरा'ची गाणीही त्यांचीच होती. 'सामना'तली 'सख्या रे, घायाळ मी हरिणी' ही लता मंगेशकरांनी गायलेली रचना त्यांचीच. राजकारण्याच्या टोपीवरचे त्यांचे उपहासगीतही गाजले. आरती प्रभू एप्रिल १९७६ मध्ये गेले. 'सामना'तले गीत त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या लेखनापैकी आहे.

बर्लिन, आणीबाणी आणि 'शोले'चे वर्ष

मराठी माणसांचे चित्रपट याआधीही जगात गेले होते. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसला गाजला होता, आणि व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या हिंदी चित्रपटाला १९५८ मध्ये बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले होते. 'सामना' १९७५ च्या पंचविसाव्या बर्लिन महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत दाखल झाला. त्या वर्षीचे सुवर्ण अस्वल हंगेरीच्या मार्टा मेसारोस यांच्या चित्रपटाला मिळाले. पुरस्कार हाती आला नाही, तरी एका चित्रकला शिक्षकाने काढलेला पहिला चित्रपट जगातल्या आघाडीच्या स्पर्धेत बसला, हे यश मोठे होते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'सामना' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

बर्लिनचा महोत्सव २७ जून १९७५ रोजी सुरू झाला. त्याच्या दोनच दिवस आधी, २५ जूनला, भारतात आणीबाणी जाहीर झाली होती. प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा चित्रपट परदेशात दाखवला जात होता आणि देशात प्रश्न विचारणारे तुरुंगात जात होते. याच वर्षी १५ ऑगस्टला 'शोले' प्रदर्शित झाला. भारतीय मातीत रुजवलेला तो सर्वांत गाजलेला वेस्टर्न. त्यात गावाबाहेरचा डाकू गावाला छळतो आणि भाड्याने आणलेले दोघे बंदुकीने त्याचा सामना करतात. 'सामना'त छळणारा गावातच राहतो, निवडणूक लढवतो आणि हार घालून घेतो. तिथे बंदूक उपयोगी पडत नाही. साक्ष उपयोगी पडते. दोन्ही चित्रपट एकाच वर्षी लोकांसमोर असणे हे त्या काळाची दोन चित्रे शेजारी लावण्यासारखे आहे.

'सामना'नंतर

'सामना'ने बांधलेली मंडळी पुढेही एकत्र येत राहिली. पटेलांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर 'जैत रे जैत' केला. १९७९ मध्ये अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवर आधारलेला 'सिंहासन' आला. त्याची पटकथाही तेंडुलकरांनी लिहिली आणि छायाचित्रण लवंदे यांनी केले. 'सामना'त सत्ता भोगणारे निळू फुले इथे सत्तेचा खेळ पाहून सुन्न होणारा पत्रकार दिगू टिपणीस झाले, तर लागूंनी महत्त्वाकांक्षी मंत्री विश्वासराव दाभाडे रंगवला. गावातल्या कारखान्यापासून मंत्रालयापर्यंतची साखळी या दोन चित्रपटांनी मिळून पूर्ण केली. मराठी राजकीय चित्रपटाची ही पायाभरणी होती.

रामदास फुटाणे यांनी पुढे अंधश्रद्धेवरचा 'सर्वसाक्षी' दिग्दर्शित केला. त्यातही स्मिता पाटील होत्या. निळू फुले आणि श्रीराम लागू यांचे नाते पडद्यापुरते राहिले नाही. समाजासाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर आदींबरोबर त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला आणि त्यासाठी गावोगाव 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग केले. हिंदुराव आणि मास्तर रंगवणारी माणसे सामान्य कार्यकर्त्यासाठी एकाच रंगमंचावर उभी राहिली. तेंडुलकर मे २००८ मध्ये गेले. जुलै २००९ मध्ये निळू फुले आणि भास्कर चंदावरकर दोघेही काही दिवसांच्या अंतराने गेले. लागूंचे निधन डिसेंबर २०१९ मध्ये झाले.

चित्रपटाचा सर्वांत टिकाऊ वारसा म्हणजे मारुती कांबळेविषयीचा प्रश्न. एखादी चौकशी दडपली गेली, एखादा अहवाल धूळ खात पडला, एखादा माणूस नाहीसा झाला की अग्रलेखांत, सभागृहात आणि चावडीवर हा प्रश्न नव्याने विचारला जातो. ज्यांनी 'सामना' पाहिलेला नाही, त्यांच्याही तोंडी तो असतो. अमेरिकन वेस्टर्नने जगाला एकाकी लढवय्या दिला. मराठी चित्रपटाने त्याच्या जोडीला एकाकी प्रश्नकर्ता दिला, आणि सत्ता कितीही मोठी असली तरी एका नावाची आठवण तिला अडचणीत आणू शकते, हे मराठी समाजापुढे कायमचे मांडून ठेवले.